मोठ्या पिनेचा सॉकेट

"शाळा सोडून वायरिंग शिकलीस ना, मग बसव की पटकन," आई म्हणाली. तिने आणलेल्या जुन्या ओव्हनची पिन मोठी, आमच्या भिंतीतला सॉकेट छोटा. नानकटाईची तिची पहिली ऑर्डर उद्याच द्यायची होती.

मेन स्विच पाडून मी छोटा सॉकेट काढला. मोठा त्याच पेटीत बसत होता. पण आतली वायर बघून माझं डोकंच फिरलं. कुणा येड्याने पंख्यापुरती बारीक वायर टाकलेली! ओव्हन लावला तर ती भिंतीतच जळेल, मी आईला सांगितलं.

"मग नवीन वायर टाक."

"भिंत फोडावी लागेल. घरमालक खिळा ठोकू देत नाही!" मी खेकसले.

आई ओव्हनकडे बघत राहिली. "छोटाच बसव परत. मोबाइल तरी चार्ज होईल," म्हणाली आणि ऑर्डरवाल्या बाईंचा नंबर शोधायला लागली.