कोपऱ्यातली पट्टी

"तिथेच धर. कोपऱ्यावर," अप्पाजी खोलीतून ओरडले.

बाहेर गच्चीवर वादिराजने नळीचं तोंड पुन्हा छपराच्या कोपऱ्याकडे वळवलं. अर्धा तास पाणी चाललं होतं. आत अप्पाजी खुर्चीवर बसून, मान वर करून बघत होते. एक थेंब नाही. त्यांच्या कपाळाची शीर तेवढी उडत होती.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या गच्च्या सपाट. फार तर कुणी मंगळुरी कौलं घालतो. डांबरी शिंगलचं, म्हणजे एकावर एक खिळलेल्या डांबरी पट्ट्यांचं, छप्पर पहिलं आलं ते अप्पाजींच्या गच्चीवर, मुलीच्या हट्टापायी. साईप्रिया ब्लाउजवरचं आरीचं भरतकाम शिकवते, तिला वर्गासाठी खोली हवी होती. छप्पर घातलं सुंदरने. कोडैकनालच्या बंगल्यांवर असलीच छपरं घालत हिंडलेला हा माणूस, आणि साईप्रियेला लग्न करायचं होतं तेही ह्याच्याशीच.

अप्पाजींना तो नको होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी चाललेली, आणि जावई तमिळ बोलणारा, तोही शिडीवर चढून खिळे ठोकणारा. मुलगी काही केल्या ऐकेना, तेव्हा त्यांनी चार नातेवाइकांसमोर बोलून टाकलं, "त्याने स्वतःच्या हाताने छप्पर घालावं. मी तपासीन. गळलं तर त्याचं नाव या घरात काढायचं नाही. नाही गळलं तर मुहूर्त मीच बघतो."

अप्पाजी सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसियर होते. त्यांनी तपासलं आणि चूक निघाली नाही, असं कधी झालं नव्हतं. उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून आज जुना सहकारी वादिराजला साक्षीला बोलावलं होतं.

अप्पाजींच्या पत्नी विशालाक्षी कॉफीचे टंबलर घेऊन वर आल्या, मागोमाग साईप्रिया.

"अडकित्ता सापडला?" अप्पाजींनी विचारलं.

"मला काय ठाऊक? काल दुपारच्या जेवणानंतर तुमच्याच हातात होता."

"घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. माझ्या आजोबांचा अडकित्ता तो."

"वस्तूंचं मला सांगू नका," विशालाक्षी म्हणाल्या. "काल दुपारी मी आणि साईप्रिया देवळात गेलो, तुम्हाला गच्चीवर वाळत घातलेले तांदळाचे वडाम राखायला बसवलं. परत येऊन बघते तर अर्धे वडाम कावळ्यांनी नेलेले. एवढा माणूस समोर बसलेला असून."

"डोळा लागला असेल," म्हणत अप्पाजींनी कॉफी एका घोटात संपवली आणि टंबलर दाणकन खाली ठेवला. सकाळपासून सुपारी नाही आणि वर ही बोलणी. त्यांचं डोकं नुसतं सणकत होतं.

ते बाहेर आले. सुंदर कठड्यापाशी हात बांधून उभा होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "वादिराज, पाणी बंद कर. शिडी लाव. पट्ट्या उचलून बघू."

"अप्पाजी, गळत तर नाही."

"आज नाही गळत. कार्तिकातल्या पावसात गळेल. ही असली माणसं नेहमी कोपऱ्यात चोरी करतात, जिथे छप्पर जिन्याच्या भिंतीला टेकतं तिथे. खालून सातवी ओळ. भिंतीलगतची पट्टी. तीच उचल."

वादिराज चार पायऱ्या चढला. पातं घालून त्याने वरच्या पट्टीची कड हळूच सोडवली.

"डांबर अजून ओलं आहे इथलं," तो म्हणाला. "बोटाला लागतंय."

"ओलं?" अप्पाजी शिडीला धरून वर बघू लागले. "आठ दिवस झाले काम संपून. ओलं कसं?"

"कोपऱ्याला डांबराचा जादा हात देतो, मामा," सुंदर म्हणाला. साईप्रियेकडून शिकलेलं मराठी तो जपून बोलायचा.

"तुला विचारलं नाही. वादिराज, खिळे मोज."

"चार. बरोबर आहेत."

"नीट बघून मोज."

"चारच, अप्पाजी. चांगले चकचकीत आहेत. शेजारची भोकंसुद्धा डांबराने नीट भरलेली आहेत. आपल्या खात्यात असं काम कुणी केलं असतं तर आपण त्याला हार घातला असता."

"उतर तू. मी बघतो."

विशालाक्षी नको नको म्हणत असताना अप्पाजी कमरेची वेष्टी वर खोचून स्वतः चढले. पट्टी चाचपली. ओढली. मूठ घालून हिसडा दिला. पट्टी जागची हलली नाही. त्यांनी भिंतीलगतचा पत्रा चाचपला, मग पुन्हा पट्टी.

"अप्पा," साईप्रिया शिडीखालून म्हणाली, "तुम्ही शब्द दिला होतात."

ते उतरले. वादिराज बघत होता, बायको बघत होती. पळवाट राहिली नव्हती.

"वैकासी महिन्यातला मुहूर्त बघतो," ते म्हणाले. दात आवळूनच म्हणाले, पण म्हणाले.

साईप्रियेचे डोळे भरून आले. आईचा हात धरून ती देवापुढे दिवा लावायला खाली पळाली. वादिराजही नळी गुंडाळून मागोमाग उतरला.

गच्चीवर दोघेच राहिले. अप्पाजी कठड्याकडे तोंड करून उभे होते. सगळ्या जगाचा राग आला होता त्यांना, आणि तो काढायला जागा नव्हती.

"मामा," सुंदर जवळ येऊन हळूच म्हणाला.

"आता काय?"

सुंदरने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. अप्पाजींनी गाठ सोडली. आत आजोबांचा अडकित्ता होता, पात्याला डांबर लागलेला, आणि उपटून वाकडे झालेले चार खिळे.

"सकाळी कोपऱ्यातली उचकटलेली पट्टी परत बसवताना हे तिथेच मिळालं," सुंदर म्हणाला. "खाली कुणाला सांगितलं नाही."