शेवटची ओळ

जालन्याच्या चर्चासत्रात तांगडे सरांनी पडद्यावर एक गाणं दाखवलं. "हे संगणकानं लिहिलंय. याला कुणी कवी नाही."

मागच्या रांगेत बसलेल्या मोनालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाण्याच्या शेवटी 'अप्पाराव सांगे' असं होतं. अप्पाराव म्हणजे तिचे आजोबा. परतूरला दर भीमजयंतीला ते नवी गाणी रचायचे आणि शेवटच्या ओळीत असंच आपलं नाव गुंफायचे. ते वारल्यावर त्यांच्या कॅसेटी अभ्यासाला म्हणून सरांनीच नेल्या होत्या, परत दिल्या नव्हत्या.

ती उठलीच. "सर, ते माझ्या आज्याचं नाव हाय. तुमच्या संदर्भसूचीत तर कुठंच न्हाई!"

"यंत्राची चूक आहे ती." सरांनी ओळ खोडली आणि संगणकाला साधं आभारपत्र लिहायला सांगितलं. आभारपत्राच्या शेवटीही 'अप्पाराव सांगे' आलं.

कुणीतरी हसलं. सरांनी चिडून वायरच उपटली. पडदा काळा झाला.

"मेलेल्या माणसाचं बिनदिक्कत घेता, मंग नाव घ्यायलाच जड जातं का?" मोनाली कडाडली.

सरांनी माइक ओढला. "असल्या कुठल्या माणसाला मी ओळखत नाही. हे संशोधन माझं आहे. यातला शब्द न् शब्द माझा..."

बोलता बोलता ते खाकरले. मोनालीनं ते खाकरणं ओळखलं. आपलं नाव गाण्याआधी आजोबा असेच खाकरायचे, दोनदा.

सर पुन्हा खाकरले. आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड गच्च दाबून धरलं.