उदाचा धूर

रतनबाई निखाऱ्यांवर ऊद टाकत होती, तेवढ्यात दारात सावली पडली. तिला वाटलं, बायका आल्या. मान वर केली तर समोर बाप. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पोटऱ्यांपर्यंत धुळीनं माखलेला.

"बा? असा अचानक?"

"मेंढरं आष्टीकडनं आणलीत. म्हटलं, तलवाड्याला आलोच हाय तर लेकीचं तोंड बघून जावं." सटवा हसत आत आला आणि सारवलेल्या भुईवर मधोमध बसला.

ती पाया पडायला वाकली आणि तिचा श्वास अडला. लोकर, लेंड्या, घाम, दुधाचा आंबूस दर्प. लहानपणी ती याच वासाच्या उबेत झोपायची. तेव्हा तो वास आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

पहाटेपासून ती घराच्या मागे लागली होती. शेणात लिंबाचा पाला वाटून घालून ओसरीपासून चुलीपर्यंत सारवलं होतं. माठात वाळा सोडला होता. कोनाड्यांत दवण्याच्या काड्या खोवल्या होत्या. आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि गावचा कारभार बघणाऱ्या मालीपाटलाच्या घरच्या तुळजाबाई पहिल्यांदाच या घराची पायरी चढणार होत्या. रतनबाईच्या सासऱ्यानं मेंढरं विकून जमीन केली त्याला जमाना झाला, तरी गावातल्या बाया अजून त्यांच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. सासू, साखराबाई, ते बघायची आणि दार लोटून घ्यायची.

वाटेवरून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज यायला लागला.

रतनबाईनं धुपाटणं उचललं. आधी कोपऱ्यांतून फिरवलं. मग बापाभोवती. एकदा फिरवलं, वास हटेना, म्हणून पुन्हा फिरवलं, खाली, घोंगडीच्या अगदी जवळून.

सटवानं घाईनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी धूर ओढून डोळ्यांना लावला, कपाळाला लावला.

"कोण्या देवाचा गं?"

"घरच्याच," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटून पुन्हा हात जोडले. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. पण धुपाटण्याचा हात थांबला नाही.

"बा, मागं गोठ्यात बसतोस का? तिथं गार हाय. इथं बाया यायल्यात."

"बसतो की. मला कुठं बी चालतंय." तो लगेच उठला.

तुळजाबाई आत आल्या आणि उंबऱ्यापाशीच थबकल्या. त्यांनी लांब श्वास घेतला. बाकीच्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"लई परसन्न वाटतंय गं साखराबाई, तुझं घर. देवळात आल्यावानी."

साखराबाईचे डोळे भरून आले. ती डाळ आणायच्या निमित्तानं चुलीकडे गेली. रतनबाईनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, पन्हं दिलं. तेवढ्यात गोठ्यातून खोकल्याची उबळ ऐकू आली. उदाचा धूर सटवाच्या घशात बसला होता. उबळ थांबली, परत आली.

"मागं कोण हाय गं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"कोणी न्हाई." रतनबाईच्या तोंडून निघून गेलं, "मेंढक्या हाय कोणतरी. रानात मेंढरं बसवायचीत, खताला. तेच बोलायला आलाय."

गोठा आणि घर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. पलीकडचा खोकला एकदम थांबला.

थोड्या वेळानं सटवा मागच्या दाराशी आला. आत पाऊल घातलं नाही. पागोटं काढून हातात धरलं होतं, नजर जमिनीवर होती.

"बाई, मेंढरं कोणत्या रानात बसवू?"

रतनबाईनं हातातलं पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं. बायका तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.

"वरच्या," ती म्हणाली.

"जी."

साखराबाई डाळीची परात घेऊन बाहेर आली तेव्हा मागचं दार मोकळं होतं. बायका दिवेलागणीपर्यंत बसल्या नाहीत, पण लवकरही उठल्या नाहीत. तुळजाबाईंनी जाताना दवण्याची एक काडी मागून घेतली आणि डोक्यात खोवली. साखराबाई त्यांना पोचवायला पार वळणापर्यंत गेली.

रतनबाईनं तेवढ्यात भाकरी फडक्यात बांधल्या. वर कांद्याची चटणी ठेवली आणि ती वरच्या रानाकडे पळतच निघाली.

मेंढरं खरोखरच तिथं होती. नांगरटीवर पसरली होती आणि सटवा बाभळीचे काटेरी फेसाटे ओढून त्यांच्याभोवती वाडगं घालत होता. उघड्या पाठीवर काट्यांचे ओरखडे उठले होते. तिनं बांधावरून हाक मारली.

"बा."

त्यानं वळून पाहिलं. ती बांध उतरायला लागली, तसा त्यानं हात वर केला. रागानं नाही. लहानपणी विहिरीच्या कडेला गेली की करायचा तसाच.

"तिथंच हुबी ऱ्हा, रतन. लुगडं नवं हाय. एकडाव वास लागला की लवकर निघत न्हाई."

ती बांधावरच थांबली. फडकं छातीशी धरलेलं.

"बा, मी..."

"भाकर बांधावर ठिव," सटवा म्हणाला आणि पुढचा फेसाटा उचलायला वाकला. "तू गेलीस की घेतो."