तुकड्यांचा डबा

डबा पुन्हा रिकामा होता. आईने तो उलटा करून पाहिला. तळाशी बिस्किटांचा चुरा तेवढा उरला होता.

“बबडे, इकडे ये.”

बबडी दारात येऊन उभी राहिली. चौथीतली पोर, पण तिच्या शाळेच्या फ्रॉकची शिवण आईने यंदा पुन्हा उसवून सैल केली होती. आता उसवायला आत कापडच उरलं नव्हतं. आई घरी शिवणकाम करायची. गावभराची मापं घेताना तिचा हात कधी अडखळला नाही, पण लेकीच्या कमरेला टेप लावायची म्हटलं की ती उद्यावर ढकलायची.

“सगळं तूच संपवलंस?”

“हो.”

पोर खोटं बोलायची नाही, हीच पंचाईत. ‘मी नाही’ म्हणाली असती तर दोन धपाटे तरी घालता आले असते.

बाबा बेकरीत कामाला होते. मोडकी बिस्किटं, चेपलेले केक मालक घरी न्यायला द्यायचा. नका आणू म्हणून आईने परोपरीने सांगितलं. बाबा हसण्यावारी न्यायचे.

“अगं, मोह समोर असतानाच आवरायला शिकायचं असतं. माझ्याकडे बघ. दिवसभर हाताला साखर, वर रक्तातही साखर! पण कणभर तरी तोंडात टाकतो का?”

आईलाही ते पटायचं. गेल्या वर्षी ते भट्टीपाशी चक्कर येऊन पडले, पायाची जखम चिघळली. पाय थोडक्यात वाचला. डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून सगळ्यांदेखत दम भरला होता. तेव्हापासून बाबांचं गोड बंद झालं, आणि नेमकी तेव्हापासूनच बबडी सुटत गेली.

“बापाने सोडलं ते लेकीने धरलं,” आई शेजारणीला म्हणायची. हसून म्हणायची, पण रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

शेवटी ती लेकीला मुलांच्या आहाराचं बघणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. बाई शांत होत्या. “तिला जाडी म्हणू नका. ताटात वाढू नका, तिचं तिला घेऊ द्या. सगळे एकत्र बसा. पोट भरलं म्हणाली की आग्रह नको.”

आईने सगळं मनापासून केलं. आणि गंमत म्हणजे, ताटावर बबडी अगदी शहाण्यासारखी वागू लागली. भाजी आवडीने खायची. भूक भागली की थांबायची.

तरी वजन चढतच होतं. जिना चढताना तिचे गुडघे दुखायचे. खेळाच्या तासाला सर तिला कडेला बसवून ठेवायचे. आणि डबा रोज रिकामा.

आईने डबा फडताळावर ठेवला. बबडी स्टुलावर चढली, पडली, कोपर सुजलं. मग आईने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली बाबांच्या हातात दिली.

बबडीने घर डोक्यावर घेतलं. “बाबांकडे नको! किल्ली मला दे!” रडून रडून जेवलीसुद्धा नाही. आईला धडकी भरली. असं तर दारुडे करतात.

दुसऱ्याच दिवशी तिघंही बाईंच्या खोलीत होती. आईचा बांध फुटला. “आता तुम्हीच सांगा, बाई. माझी पोर हातची चालली.”

बाबा समजुतीने म्हणाले, “जरा कडक बोला तिला. माझं उदाहरण द्या हवं तर.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बबडीकडे. “तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?”

बाबा गेले. दार लागलं. बाई खुर्ची ओढून बबडीच्या समोर बसल्या.

“केक खातेस तेव्हा भूक लागलेली असते?”

बबडीने मान हलवली. नाही.

“फार आवडतो?”

“आता मळमळतं.”

आई काही बोलणार, तोच बाईंनी हाताने थांबवलं. “मग कशाला खातेस, बाळा?”

बबडी बंद दाराकडे बघत राहिली. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“बाबांना सांगणार नाही ना?”

“नाही.”

“ते डॉक्टर म्हणालेले, आता गोड खाल्लं तर पाय कापावा लागेल.” तिने फ्रॉकचं टोक सोडलं. “मी नाही संपवलं, तर बाबा खातात.”