आद्याक्षरं

मध्यंतराची घंटा झाली तशी ती पियानोवरून उठली आणि थेट रंगमंचामागच्या भावाच्या खोलीत शिरली. तो आरशासमोर टाय सारखा करत होता.

"ती अंगाई तू कुणासाठी रचलीस?"

"हळू बोल ना, ताई. बाहेर लोक आहेत."

"लोकांसमोरच सांगितलंस ना आत्ता? मुलगा झाला त्या रात्री सुचली म्हणून!"

अंगाई तिची होती. मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, हात लावू देत नव्हते, तेव्हा काचेला ओठ टेकवून गुणगुणलेली. मुलगी गेली. सूर तेवढे राहिले. ते तिने कागदावर उतरवले आणि खाली आपली आद्याक्षरं टाकली. बहीणभावाची आद्याक्षरं एकच. भावाच्या रचनांबरोबर ती अंगाईही छापली गेली आणि सगळ्यांनी ती त्याचीच धरली. खुलासा करू, करू, असं तो इतकी वर्षं म्हणत आला होता.

"अक्षरं तुझीही तीच आहेत की," भाऊ समजूत काढल्यासारखा म्हणाला. "छापलंय त्यात खोटं काय? आणि शेवटी घरातलं घरातच राहिलं ना?"

"नाव ढापलंस, ते गिळलं मी. पण तिच्या जागी तू आपल्या पोराला झोपवलंस!"

त्याने घड्याळ पाहिलं. "चल, वेळ झाली."

कार्यक्रम संपला तरी टाळ्या थांबेनात. अंगाई पुन्हा हवी, असा गलका झाला. भावाने हसत हात उचलला आणि पियानोकडे पाहिलं. तिने झाकण आपटून बंद केलं.

"वाजव आता तूच."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. "ताईंना जरा बरं वाटत नाहीये," त्याने लोकांना सांगितलं आणि व्हायोलिनवाल्यांना खूण केली.

ती मधल्या वाटेने ताडताड चालत बाहेर आली. दारावरची बाई पदराने डोळे टिपत होती.

"बाप असावा तर असा. पोरावर केवढा जीव!"

"ती अंगाई माझी आहे. माझ्या मुलीसाठी केलेली. पोर काचेआड मरत होती, तेव्हा तुमच्या या बापाला दवाखान्याचा जिना चढायलासुद्धा सवड झाली नव्हती."

आत व्हायोलिनं वाजतच होती. तिने सभागृहाचं दार सताड उघडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.