नवसागराची बाजू

ट्रंकेला कुलूप लागलं, तेव्हा कुठे आप्पासाहेबांना कंठ फुटला.

"परवा पेपर आहे ना? उष्णतेच्या देवाणघेवाणीची, एन्थाल्पीची अधिक-वजा चिन्हं तरी कळली का?"

आता बोला! पोरगी घर सोडून चाललीय आणि बापाला चिन्हांची पडलीय! पुष्पावतीला रडूच आलं. बहात्तरच्या उन्हाळ्यात आई गेली, तेव्हापासून भिंगारच्या या दोन खोल्यांत माणसाचा आवाज म्हणून नव्हता. आप्पा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. तिनं वाढलेलं जेवायचे, पण बरं की वाईट, एक शब्द नाही. जवळ गेलं की नुसता गारठा. आपण त्यांना नको झालोय, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर कायमचं त्याच्याकडे राहायला जायचं ठरवून श्रीगोंद्याहून बन्सीमामाला बोलावून घेतलं होतं; पेपरांनाही ती तिथूनच येणार होती. तो बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"नाही कळली," ती फणकारली.

आप्पांनी कपाटातली नवसागराच्या पांढऱ्या क्षाराची बाटली काढली. पितळी पेल्यातल्या पाण्यात मूठभर टाकून ढवळलं आणि पेला तिच्या हातात दिला. बघता बघता तो गारठला.

"सांग."

"गार पडलं. म्हणजे उष्णता गेली. वजा."

"सगळे इथंच चुकतात. तू तुझ्या हाताचं सांगतेस. गेली ती पाण्याची, पेल्याची, तुझ्या हाताची. चिन्ह नवसागराच्या बाजूनं मांडायचं. त्यानं ती घेतली. म्हणून अधिक."

"घेतली, तर मग इतकं गार का लागतंय?"

"विरघळतोय गं तो. विरघळायला ऊब लागते. जवळ तेवढी नसते, मग शेजारच्याची ओढून घेतो. हात लावणाऱ्याला वाटतं, हा थंडच आहे."

शेवटी शेवटी आप्पांचा आवाज फाटला. पेला परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला. पुष्पावती त्या हाताकडे बघतच राहिली.

"पुष्पे, आटप की गं! यष्टी चुकंल!" बाहेरून मामा ओरडला.

तिनं पेला खाली ठेवला आणि आप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. केवढा गार होता! तिनं सोडला नाही.

"मामा, चहा टाकते, पिऊन जा. मी नाही येत."

मग हळूच म्हणाली, "आप्पा, माझं चिन्हच चुकलं होतं."