उशाशी बेल

“प्लास्टर व्हायच्या आधी बेलची तार घालून घे. बटण माझ्या उशाशी, बेल स्वयंपाकघरात. घशाच्या ऑपरेशननंतर मला हाक मारता येणार नाही. आणि तू एकदा जपाची माळ हातात घेतलीस, की घर पेटलं तरी उठायची नाहीस!”

“माळ अर्ध्यावर ठेवून येईन,” तिने नवऱ्याला शब्द दिला होता.

आता नव्या घराच्या उघड्या विटांवर वायरमन खडूने खुणा करत होता. “टीव्हीची आणि इंटरनेटची तार या पाइपातून नेतो. पण वहिनी, बेल कशाला? स्वयंपाकघर दहा पावलांवर तर आहे. दादांचे लाडच फार!”

“त्यांचा आवाज जाणार होता.” ती म्हणाली. “पण ऑपरेशनमधून ते परत आलेच नाहीत.”

वायरमनने खडू खाली ठेवला. “मग राहू द्या ना वहिनी. उगाच कशाला भिंत फोडायची?”

“त्यांनी सांगितलंय. घाला.”

तार घालून होईपर्यंत ती स्वयंपाकघरात सिमेंटच्या गोणीवर बसून जप करत राहिली. इतक्या वर्षांत तिने एकदाही माळ अर्ध्यावर सोडली नव्हती.

“बॅटरी लावून वाजवून बघतो हं!” झोपायच्या खोलीतून वायरमन ओरडला.

बेल वाजली.

तिने माळ डोळ्यांना लावली, अर्ध्यावरच गोणीवर ठेवली आणि पदर सावरत झोपायच्या खोलीकडे निघाली.